विल्बर राईट आणि विमानाच्या लाकडी फासळ्या

वाचकहो, थोर माणसांची चरित्रे आपण आवडीने वाचतो, परंतु वाचताना आपली एक सवय असते. त्या माणसाने शेवटी काय मिळवले तेवढे आपण ध्यानात ठेवतो आणि ते मिळवण्यासाठी त्याचे हात रोज काय करीत होते ते विसरून जातो. विल्बर राईट यांच्याबाबतीत असेच झाले आहे. राईट बंधूंनी विमान उडवले, एवढे वाक्य शाळेतले प्रत्येक मूल पाठ म्हणून दाखवते. ते विमान लाकूड, कापड आणि तार यांचे होते, त्याच्या पंखातील प्रत्येक फासळी त्या दोघा भावांनी स्वतःच्या दुकानात तयार केली होती, आणि तिला वाक किती द्यावा हे ठरवण्यासाठी त्यांनी जगाने मान्य केलेला आकडा खोटा ठरवला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हे चरित्र आम्ही त्या फासळीच्या आधाराने सांगणार आहोत.

फासळी म्हणजे काय, ते प्रथम समजून घ्यावे. जुन्या पद्धतीच्या विमानाच्या पंखात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन लांब लाकडी वासे असतात. पंखाचा भार ते पेलतात. या वाशांवर आडव्या, म्हणजे पुढून मागे, ठरावीक अंतराने हलक्या लाकडी पट्ट्यांचे सांगाडे बसवतात. त्यांनाच फासळ्या म्हणतात. फासळीची वरची कड कमानीसारखी वाकलेली असते. तिच्यावर कापड ताणून बसवले की कापडाला तोच वाक येतो, आणि वाऱ्याच्या झोतात त्या वाकामुळे पंखाला वर उचलणारा जोर मिळतो. फासळी जड झाली तर विमान जमीन सोडणार नाही, कमजोर झाली तर हवेत मोडेल, आणि तिचा वाक चुकला तर सगळी मेहनत पाण्यात जाईल. बोटभर जाडीच्या या लाकडावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिलव्हिल या गावाजवळ झाला. धाकटा भाऊ ऑर्व्हिल हा १९ ऑगस्ट १८७१ रोजी ओहायो राज्यातील डेटन शहरात जन्मला. वडील मिल्टन राईट हे ख्रिस्ती धर्मगुरू होते आणि पुढे त्यांच्या पंथाचे बिशप झाले. धर्मकार्यासाठी त्यांना सतत प्रवास करावा लागे, परंतु घरी ग्रंथसंग्रह मोठा होता आणि मुलांना कोणतेही पुस्तक काढून वाचण्याची मोकळीक होती. आई सुसान ही घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराची मुलगी. वडिलांच्या कारखान्यात वावरल्यामुळे तिला हत्यारे उत्तम चालवता येत. मुलांची मोडलेली खेळणी ती दुरुस्त करी आणि नवी करूनही देई. राईट बंधूंना ग्रंथ मिळाले ते वडिलांकडून आणि रंधा मिळाला तो आईकडून, असे म्हटले तर चूक होणार नाही.

१८७८ साली वडिलांनी प्रवासातून परतताना मुलांसाठी एक लहानसे खेळणे आणले. बांबू, कागद आणि बूच यांचे ते भिरभिरे रबराच्या पिळाने छतापर्यंत उडत असे. फ्रान्समधील आल्फोन्स पेनो यांच्या रचनेवर ते बेतलेले होते. खेळणे मोडले तेव्हा मुलांनी स्वतः तशी आणखी केली. आकार मोठा केला की ते नीट उडत नाही, हेही त्यांना कळले. कारण मात्र त्या वयात कळले नाही.

विल्बर अभ्यासात हुशार होता. त्याला मोठ्या विद्यापीठात पाठवण्याचा घरचा विचार होता. परंतु शाळेचे शेवटचे वर्ष संपण्याच्या सुमारास कुटुंबाने गाव बदलले आणि शाळा पूर्ण केल्याचा दाखला त्याला कधीच मिळाला नाही. पुढे १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावरील खेळात एका मुलाच्या हातची काठी त्याच्या तोंडावर बसली आणि पुढचे दात गेले. जखम भरली, पण त्यानंतर प्रकृती खचली, मन उदास झाले आणि शिक्षणाचे बेत मागे पडले. सुमारे तीन वर्षे तो घरीच राहिला. क्षयाने आजारी असलेल्या आईची शुश्रूषा करावी आणि उरलेल्या वेळेत वडिलांचे ग्रंथ वाचावेत, असा त्याचा दिनक्रम होता. १८८९ साली आई वारली. त्या तीन वर्षांत बाहेरच्या लोकांना हा मुलगा वाया गेलेला दिसला असेल. घरात मात्र तो आजाऱ्याची सेवा करीत स्वतःला शिकवीत होता.

ऑर्व्हिलने शाळा मध्येच सोडून छापखाना काढला होता. त्याचे यंत्रही त्याने स्वतः जोडले होते. विल्बर त्याला येऊन मिळाला. १८९२ साली दोघांनी सायकलींचे दुकान उघडले आणि १८९६ पासून स्वतःच्या बनावटीच्या सायकली बनवण्यास प्रारंभ केला. त्यांच्या पुढच्या यशाची बीजे या दुकानातच आहेत. सायकलवर बसणाऱ्याला तोल प्रत्येक क्षणी स्वतः सावरावा लागतो. वळताना कलावे लागते. वजन कमी ठेवून मजबुती साधावी लागते. साखळी, दाते, तार आणि नळी यांच्याशी रोज गाठ असते. या सगळ्या गोष्टी पुढे जशाच्या तशा विमानात आल्या.

उडण्याची इच्छा काही राईट बंधूंपासून सुरू झालेली नाही. नवव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा, म्हणजे कॉर्डोवा, येथे अब्बास इब्न फिर्नास नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांचे निधन इ. स. ८८७ मध्ये झाले. त्यांनी अंगाला पिसे लावून, पंख बांधून उंचावरून झेप घेतली, काही अंतर हवेतून कापले, आणि उतरताना शेपूट नसल्यामुळे त्यांच्या पाठीला इजा झाली, असा वृत्तान्त अल-मक्करी या इतिहासकाराने दिला आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील ऑटो लिलिएंथाल या अभियंत्याने हे काम शास्त्रीय पायावर आणले. विलोच्या लवचिक लाकडाचा सांगाडा करून त्यावर सुती कापड ताणलेले पंख घेऊन त्यांनी टेकडीवरून दोन हजारांच्या आसपास झेपा घेतल्या आणि प्रत्येक झेपेतून निरीक्षणे नोंदवली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. ती बातमी वाचून विल्बरच्या मनातील जुनी ओढ पुन्हा जागी झाली.

३० मे १८९९ रोजी विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयीचे सर्व उपलब्ध साहित्य मागवले. सायकल दुकानाच्या एका मालकाचे ते पत्र होते. संस्थेने पुस्तिका आणि ग्रंथांची यादी पाठवली. ती वाचल्यावर विल्बरला एक गोष्ट स्पष्ट दिसली. पंख कसे असावेत यावर पुष्कळ लिहिले गेले होते, इंजिनावरही लिहिले गेले होते, परंतु हवेत तोल कसा सावरावा हा प्रश्न बहुतेकांनी बाजूला ठेवला होता. लिलिएंथाल अंग हलवून तोल सांभाळीत असत, आणि एका झोताने त्यांचा घात केला.

यावरील उपाय विल्बरला दुकानातच सुचला. सायकलच्या ट्यूबची रिकामी लांबट पेटी हातात घेऊन बोलता बोलता त्याने ती पिळली. पेटीचे एक टोक एका बाजूला कलले आणि दुसरे टोक विरुद्ध बाजूला. एकावर एक असे दोन पंख असलेल्या यंत्राचे पंख याच रीतीने तारांनी पिळता आले, तर एका बाजूचा उचल वाढवून आणि दुसऱ्या बाजूचा कमी करून तोल सावरता येईल, हे त्याच्या ध्यानात आले. त्याच उन्हाळ्यात पाच फुटांचा पतंग करून त्याने ते सिद्ध केले. मात्र यामुळे फासळ्यांवर आणखी एक जबाबदारी आली. पंख पिळला जाताना फासळीने लवले पाहिजे, पण मोडता कामा नये आणि आपला वाकही सोडता कामा नये.

१९०० साली त्यांनी माणूस वाहून नेणारे इंजिनरहित यंत्र केले. त्याच्या फासळ्या ॲश या चिवट लाकडाच्या होत्या. हे लाकूड वाफेवर मऊ करून वाकवतात आणि थंड झाले की ते तो वाक धरून ठेवते. फासळ्या डेटनला तयार झाल्या, पण लांब वासे वाटेत विकत घेण्याचे ठरले होते. विल्बरला अठरा फुटांचे स्प्रूस लाकूड हवे होते. नॉरफोक शहरात शोधूनही ते मिळाले नाही. शेवटी सोळा फुटी पाइनवर समाधान मानावे लागले. वासे लहान झाले म्हणून आधी शिवून आणलेले सॅटिनचे कापडही कापून पुन्हा शिवणे आले. समुद्रकाठच्या किटी हॉक या वस्तीत ज्या टेट कुटुंबाकडे तो उतरला होता, त्या घरच्या बाईंच्या शिवणयंत्रावर त्याने ते स्वतः शिवले. प्रयोग संपल्यावर भाऊ परत गेले, तेव्हा टाकून दिलेल्या यंत्राचे कापड काढून त्या बाईंनी आपल्या लहान मुलींचे झगे शिवले. लाकूड मिळाले नाही म्हणून विल्बरने प्रयोग पुढे ढकलला नाही. मिळाले त्या लाकडाचे हिशेब पुन्हा मांडले आणि काम चालू ठेवले.

१९०१ चे यंत्र मोठे होते. पंखांची लांबी बावीस फूट होती आणि फासळ्यांना त्या काळच्या कोष्टकांनुसार खोल वाक दिलेला होता, म्हणजे पंखाच्या रुंदीच्या सुमारे बाराव्या हिश्श्याइतकी कमान. आकडेमोडीप्रमाणे ते सहज तरंगायला हवे होते. प्रत्यक्षात त्याला अपेक्षेच्या सुमारे एक तृतीयांश एवढाच उचल मिळाला. भावांनी तेथेच तारा बांधून फासळ्या खाली खेचल्या आणि कमान उथळ केली. तेव्हा यंत्र थोडे सुधारले, पण हिशेब जुळेना. विल्बर अतिशय निराश होऊन घरी परतला. आपल्या हयातीत माणूस उडणार नाही असे त्याला वाटू लागले होते.

वाचकहो, येथे थांबून विचार करावा. आपल्यापैकी कोणी असते तर काय केले असते? पुस्तकात छापलेला आकडा बरोबरच असणार, आपल्याच सुतारकामात चूक असणार, असे म्हणून गप्प बसलो असतो. शाळेचा दाखलासुद्धा नसलेल्या दुकानदाराने मोठमोठ्या अभियंत्यांच्या कोष्टकावर शंका घ्यावी, हे धाडसाचे होते. परंतु विल्बरला आपल्या फासळ्यांची खात्री होती, कारण त्या त्याने स्वतः केल्या होत्या आणि स्वतः मोजल्या होत्या. ज्याचे काम चोख असते त्यालाच कोष्टकावर शंका घेण्याचा अधिकार पोचतो.

त्याच सुमारास शिकागोच्या अभियंत्यांच्या संस्थेने विल्बरला भाषणासाठी बोलावले. तो संकोचत होता. बहीण कॅथरीनने आग्रह धरून त्याला पाठवले. परत आल्यावर भावांनी मोजमाप हाती घेतले. प्रथम सायकलच्या पुढच्या भागावर आडवे चाक बसवून त्याला पंखाचा नमुना आणि सपाट पत्रा लावला आणि सायकल जोरात हाकून वाऱ्याचा जोर ताडून पाहिला. नंतर सुमारे सहा फूट लांबीची लाकडी पेटी करून तिच्या तोंडाशी पंखा बसवला. आत करवतीच्या जुन्या पात्यांचा आणि सायकलच्या आऱ्यांच्या तारेचा तराजू होता. पत्रा कापून, ठोकून त्यांनी वेगवेगळ्या वाकांचे सुमारे दोनशे छोटे पंख केले आणि १९०१ च्या अखेरीस दोन महिने ते एकामागून एक तपासले.

निष्कर्ष असा निघाला की, अठराव्या शतकातील जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याच्या नावाने चालत आलेला हवेच्या दाबाचा गुणक चुकीचा होता. सर्वजण ०.००५ हा आकडा धरीत होते. खरा आकडा ०.००३३ च्या जवळ होता, म्हणजे जग दीडपट फुगवलेला हिशेब शंभरावर वर्षे वापरीत आले होते. लिलिएंथाल यांचे कोष्टक मात्र त्यांच्या पंखाच्या आकारापुरते बरेचसे बरोबर असल्याचे आढळले, आणि विल्बरने ते मोकळेपणाने मान्य केले. दुसऱ्याची चूक दाखवताना त्याचे बरोबर असलेलेही सांगावे, ही सचोटी त्याच्यापाशी होती. लांब, अरुंद आणि उथळ कमानीचा पंख अधिक चांगला, हेही या पेटीनेच शिकवले.

नव्या आकड्यांवर बांधलेल्या १९०२ च्या यंत्राचे पंख बत्तीस फूट लांब होते. त्याला मागे फिरवता येणारे सुकाणू बसवले. सप्टेंबर आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांत त्यांनी शेकडो झेपा घेतल्या. सर्वांत लांब झेप ६२२ फुटांहून थोडी अधिक होती. तोलाचा प्रश्न सुटला होता. आता इंजिन बसवायचे तेवढे उरले होते.

१९०३ च्या विमानाच्या पंखांची लांबी ४० फूट ४ इंच आणि रुंदी साडेसहा फूट होती. या खेपेस फासळीची रचना बदलली. पूर्वीची फासळी एकाच पट्टीची होती. आता वर एक आणि खाली एक अशा दोन बारीक पट्ट्या घेऊन त्यांच्यामध्ये लाकडाचे छोटे ठोकळे चिकटवले. मधली जागा पोकळ राहिली. वजन घटले आणि ताकद वाढली. शिडीच्या दोन बाजू आणि पायऱ्या जसे मिळून भार पेलतात तसे हे आहे. वर साधे सुती मलमलीचे कापड चढवले, तेही धागे तिरपे येतील अशा रीतीने, म्हणजे कापडच पंखाला ताण देऊन बळकटी आणते. या कापडाला इंग्रजीत मस्लिन म्हणतात आणि तो शब्द इराकमधील मोसुल शहराच्या नावावरून आला असे मानले जाते. हिमरू आणि मशरूसाठी नावाजलेल्या आपल्या शहरातील वाचकांना हे सांगण्याचे कारण असे की, पहिल्या विमानात विणकराचा वाटा सुताराएवढाच होता.

हवे तसे हलके इंजिन बाजारात मिळेना, तेव्हा दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत ते तयार केले. त्याची ताकद सुमारे बारा अश्वशक्ती होती. हवा कापणारे पंखे स्प्रूसच्या फळ्या एकमेकींवर चिकटवून, कुऱ्हाडीने आणि दोन मुठींच्या सुऱ्याने तासून काढले. त्यांचा आकार ठरवण्यासाठी पुन्हा पेटीतील आकडेच उपयोगी पडले. याच काळात स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख लँग्ली यांना सरकारने विमानासाठी पन्नास हजार डॉलर दिले होते. ८ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र नदीत कोसळले. राईट बंधूंचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आसपास होता आणि तो सायकलींच्या नफ्यातून झाला होता.

१४ डिसेंबरला विल्बरने पहिला प्रयत्न केला, पण यंत्र वर चढताच जमिनीवर आपटले आणि पुढचा भाग मोडला. तीन दिवस दुरुस्तीत गेले. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळील वाळूच्या टेकड्यांपाशी कडाक्याच्या थंडीत, समोरून जोराचा वारा असताना, ऑर्व्हिल पहिल्यांदा उडाला. बारा सेकंदांत तो १२० फूट गेला. दुपारी बाराच्या सुमारास चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंद हवेत राहिला आणि त्याने ८५२ फूट अंतर कापले. पाच जण साक्षीला होते आणि छायाचित्रही निघाले. नंतर जमिनीवर उभ्या असलेल्या यंत्राला एका झोताने उलथून टाकले. फासळ्या मोडल्या आणि ते विमान पुन्हा कधी उडाले नाही. परंतु त्याचे माप, वजन, वेळ, अंतर आणि वाऱ्याचा वेग सर्व नोंदलेले होते. यंत्र मोडले तरी ज्ञान शाबूत राहिले.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी डेटनजवळील कुरणावर विल्बरने एका दमात चोवीस मैल उड्डाण केले. तरी जगाचा विश्वास बसला नाही. ८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समध्ये ल मान्सजवळ प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत त्याने विमान वळवून दाखवले, तेव्हा टीकाकार एका दिवसात गप्प झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला अमेरिकेत ऑर्व्हिलचे विमान कोसळून त्याच्याबरोबरचे लेफ्टनंट सेल्फ्रिज मरण पावले आणि ऑर्व्हिल जबर जखमी झाला. कॅथरीन त्या वेळी शाळेत लॅटिन शिकवीत होती. ती स्वतः १८९८ ची पदवीधर होती. तिने रजा घेतली आणि कित्येक आठवडे भावाच्या उशाशी बसून त्याला बरे केले. तीन भावंडांत पदवी होती ती या बहिणीकडेच.

विल्बरची शेवटची वर्षे सुखाची गेली नाहीत. १९०६ साली मिळालेल्या पेटंटच्या हक्कासाठी त्याने अनेकांवर दावे लावले आणि नवे काही बनवण्याऐवजी वकील व न्यायालय यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. या झगड्यात जुने मित्रही दुरावले. चरित्र लिहिताना हेही सांगितले पाहिजे. ३० मे १९१२ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, विषमज्वराने त्याचे निधन झाले. दोघाही भावांनी लग्न केले नाही. रविवार हा धर्माचा दिवस म्हणून त्या दिवशी उड्डाण करायचे नाही, हा वडिलांच्या घरचा नेम त्यांनी पाळला. ऑर्व्हिल १९४८ पर्यंत जगला. १९६९ साली चंद्रावर गेलेल्या यानातून त्या पहिल्या विमानाच्या कापडाचा आणि लाकडाचा तुकडा नेला गेला. २०२१ साली मंगळावर उडालेल्या छोट्या यंत्रालाही त्याच कापडाचा एक कण लावलेला होता.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. विमान आमच्यातल्याच कोणीतरी आधी उडवले, असे म्हणण्याचा मोह प्रत्येक समाजाला होतो. मुंबईत शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले, असे महाराष्ट्रात सांगितले जाते. आमच्यातले कित्येकजण इब्न फिर्नास यांचे नाव त्याच अभिमानाने घेतात. दोन्ही व्यक्तींबद्दल आम्हांला आदर आहे. परंतु तळपदे यांच्या उड्डाणाचे माप, आराखडा किंवा तपासता येईल असा पुरावा आज आपल्यापुढे नाही. आणि इब्न फिर्नास यांचा सविस्तर वृत्तान्त त्यांच्यानंतर सुमारे साडेसातशे वर्षांनी लिहिला गेला आहे. त्यांच्या काळातील एका कवीचा ओझरता उल्लेख तेवढा जुना आहे. दुसऱ्याच्या दाव्याला जी मोजपट्टी लावू तीच आपल्याही दाव्याला लावली पाहिजे. इन्साफ यालाच म्हणतात. विल्बरचे मोठेपण तो पहिला होता एवढ्यात नाही. त्याने केलेले काम दुसऱ्या कोणालाही तपासता येत होते, पुन्हा करून पाहता येत होते, हे त्याचे खरे मोठेपण होय.

आणि अभिमानच हवा असेल तर तपासता येणारी उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईतील प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. ते धातूचे आहे. परदेशात आजही अनेक हौशी माणसे घरच्या पडवीत लाकडी फासळ्या करून विमाने बांधतात. त्यांची रीत जाणून घेण्यासारखी आहे. सपाट फळीवर फासळीचा पूर्ण आकार काढतात आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना लाकडी गुटके ठोकतात. हा झाला साचा. पाव इंच जाडीच्या स्प्रूसच्या पट्ट्या भिजवून किंवा वाफवून त्यात वाकवून बसवतात. मध्ये उभे आणि तिरपे आधार देतात. प्रत्येक सांध्यावर बारीक प्लायवूडचा तुकडा चिकटवतात. सुकल्यावर फासळी काढून दुसऱ्या बाजूला तसेच तुकडे लावतात. सर्व फासळ्या एकाच साच्यातून काढतात, म्हणजे उजवा पंख आणि डावा पंख सारखे होतात. लाकडात गाठ चालत नाही. लाकडाची रेषा पंधरा इंचांत एका इंचापेक्षा अधिक तिरपी गेलेली चालत नाही. चिकटवलेल्या सांध्याचा नमुना मुद्दाम मोडून पाहतात. लाकूड फाटले तर सांधा चांगला, आणि सांधा सुटला तर ते चिकटवणे बाद.

गारखेड्यातील आणि आसपासच्या वस्त्यांतील पालकांना आमचे सांगणे येथेच आहे. आमच्या समाजात सुतार, वेल्डर, गाड्यांचे मिस्त्री, शिंपी पुष्कळ आहेत. हुनर आमच्या घरात आहे. परंतु मुलगा एखाद्या वर्गात नापास झाला की त्याला उस्तादाच्या हाती देऊन टाकायचे आणि पुस्तक कायमचे बंद करायचे, ही रीत अजून गेलेली नाही. आणि जो मुलगा पास होत जातो त्याला हत्याराला हात लावणे कमीपणाचे वाटू लागते. एका घरात हुनर राहतो आणि दुसऱ्या घरात इल्म, आणि दोन्ही अपुरे राहतात. राईटांच्या घरी हे दोन्ही एका छपराखाली नांदत होते. ज्या हाताने रंधा चालवला त्याच हाताने कोष्टक लिहिले, म्हणून चूक कोठे आहे ते त्यांना सापडले. उस्तादाकडे जाणाऱ्या मुलाला शाळेतून काढू नका. आणि पहिला नंबर मिळवणाऱ्याला सुटीत महिनाभर उस्तादाकडे पाठवा. मुलींनाही हे लागू आहे. सुसानच्या हातात हत्यार नसते आणि कॅथरीनच्या हातात पुस्तक नसते, तर ही गोष्ट घडली नसती.

शिक्षकांनाही एक सूचना करावीशी वाटते. कार्यानुभवाच्या तासाला बांबूच्या कामट्या, दोरा आणि सरस एवढ्या साहित्यात हातभर लांबीची फासळी करता येते. दोन गट करावेत. एकाने एका पट्टीची फासळी करावी आणि दुसऱ्याने ठोकळे घातलेली दोन पट्ट्यांची. दोन्ही तराजूत तोलाव्यात. मग मधोमध वजन टांगत जावे आणि कोणती किती वजनाला मोडते ते वहीत लिहावे. खर्च थोडा आहे. परंतु ज्या मुलाने आपण केलेली वस्तू स्वतः मोडून पाहिली आणि आकडा लिहून ठेवला, त्याला विज्ञान कशाला म्हणतात ते निराळे शिकवावे लागत नाही.

चिकलठाण्याचा विमानतळ आपल्यापासून लांब नाही. तेथे उतरणारे विमान आपली मुले रोज मान वर करून पाहतात. त्याचा पंख आज धातूचा आहे, पण त्याच्या आतही फासळ्याच आहेत, आणि त्यांचा वाक आजही वाऱ्याच्या पेटीत तपासूनच ठरतो. पुढच्या वेळी मूल तसे वर पाहत उभे असेल, तेव्हा त्याला विमानाच्या वेगाविषयी सांगू नका. पंखाच्या आत काय असते ते सांगा, आणि ते ज्याने प्रथम मोजून केले त्याच्याकडे शाळेचा दाखला नव्हता, पण वही मात्र रोज लिहिलेली होती, हेही सांगा.